सोरायसिस: ट्यूब चोळत बसू नका, चिठ्ठी घेऊन त्वचारोग तज्ज्ञांकडे जा



आमच्या एका खलाशी सभासदाच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर तीन वर्षे लाल चट्टे होते, त्यावर चंदेरी खपल्या. नायटा समजून तो फार्मसीतून ट्यूब आणून लावायचा. लावली की बरे वाटायचे, सोडली की दुप्पट. बोटीवर काही जण त्याच्यासोबत जेवायला कचरू लागले. शेवटी सकाळी बोटे आखडून दोर ओढता येईना, तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. तो सोरायसिस होता आणि सांध्यांत उतरला होता.

पहिली गोष्ट: सोरायसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवून नाही, एका टॉवेलने नाही, शेजारी झोपून नाही. आपलीच प्रतिकारशक्ती चुकीची वागते, महिनाभरात तयार होणारी कातडी काही दिवसांतच तयार होते आणि थर साचतात. मासळी हाताळल्यामुळेही तो होत नाही. मात्र ज्याला तो आहे, त्याला गळ, काटा किंवा दोर लागून जखम झाली तर तिथे नवा चट्टा उठू शकतो. म्हणून हातमोजे वापरा.

दुसरी गोष्ट: दुकानातल्या मिश्र मलमांत बरेचदा तीव्र स्टिरॉइड असते. मनाने वर्षानुवर्षे लावले तर कातडी पातळ होते. स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊन अचानक बंद केल्या तर आजार उसळतो.

चिठ्ठी कधी मागायची?

आधी आपल्या आरोग्य केंद्रात जा. तिथल्या उपचाराने फरक पडत नसेल, किंवा पुढीलपैकी काही असेल, तर तज्ज्ञांकडे पाठवा असे स्पष्ट म्हणा:

• चट्टे अंगभर पसरत आहेत. आपला एक पंजा म्हणजे अंगाचा साधारण 1 टक्का. दहा पंजांहून जास्त असेल तर नक्कीच.
• तळहात, तळपाय, चेहरा, नखे किंवा गुप्तांगावर आहे.
• सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी सांधे आखडलेले असतात, बोट सुजते, टाच दुखते.
• कामावर जाता येत नाही, झोप नाही, मन खचले आहे.

डॉक्टर फक्त दाखवलेला कोपर बघतात. लाजून बाकीचे लपवले तर चिठ्ठी मिळणार कशी? सांधेदुखी तर हमखास सांगा. जाळी ओढून दुखते असे समजून आपण गप्प बसतो, आणि एकदा झिजलेला सांधा परत पहिल्यासारखा होत नाही.

चिठ्ठी म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळाची द्यायची की बांबोळीच्या गोमेकॉची, ते डॉक्टर ठरवतील. जाताना जुने कागद, चालू गोळ्या, रिकाम्या ट्यूबासुद्धा न्या. चट्टे जास्त असतानाचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. घरात आणखी कोणाला आहे का, दारू-विडी किती, हे खरे सांगा.

तज्ज्ञ मलम बदलतील, प्रकाशोपचार देतील किंवा गोळ्या सुरू करतील. मेथोट्रेक्सेट दिली तर ती आठवड्यातून एकदाच, रोज नाही. रोज घेतली तर जीवावर बेतते. त्यात दारू वर्ज्य, रक्त तपासणी चुकवायची नाही, आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचे. प्रकाशोपचाराला आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या लागतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत बोट किनाऱ्याला असते, तेव्हा त्या जमतील का हे विचारून घ्या.

पण अंगभर लाली, थंडी-ताप किंवा पुवाचे फोड आले तर बंदीची किंवा चिठ्ठीची वाट बघू नका. त्याच दिवशी इस्पितळात जा.

हा आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. आमचा तो सभासद उपचार घेऊन परत बोटीवर जातो आहे. तुमच्या बोटीवर असा कोणी असेल तर त्याला वेगळे बसवू नका. त्याच्यासोबत जेवा आणि त्याला आरोग्य केंद्रात घेऊन जा.