ऑक्सालिप्लॅटिन: थंडीशी वैर

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात नेहमी वापरलं जाणारं हे प्लॅटिनमयुक्त औषध मूळचं जपानमधल्या नागोयाचं, 1970च्या दशकातलं. ‘सलाइनमधून देतात’ असं आपण म्हणतो खरं, पण मिठाच्या पाण्यात ते टिकत नाही. 5 टक्के ग्लुकोजमधून साधारण 2 तासांत शिरेत सोडतात. सुई टोचलेल्या जागी जळजळ झाली तर लगेच सिस्टरना सांगा.

याची खरी खोड म्हणजे गारवा न सोसणं. काही तासांतच थंड स्टीलच्या भांड्याला हात लागला तरी बोटांना झिणझिण्या येतात. गार पाण्याच्या घोटानं घसा आवळल्यासारखा वाटतो, माणूस घाबरून जातो. बहुधा ते थोड्या वेळात ओसरतं. (खरोखर धाप लागली तर मात्र थेट रुग्णालय.) म्हणून पुढचे काही दिवस पाणी कोमट प्या, एसीचा झोत टाळा, फ्रीजमधली वस्तू दुसऱ्याला काढायला सांगा. उन्हाळ्यात माठसुद्धा नको. इतर काही केमोत तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळायला सांगतात. शेजारच्या खाटेवरचा तो सल्ला इथे चालत नाही.

हातापायांचा बधिरपणा दोन सायकलींच्या मध्येही टिकला, शर्टाची बटणं लावणं जड जाऊ लागलं, तर निमूट सोसू नका. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध थांबवतात. थांबवल्यावरही काही महिने तो वाढू शकतो.

ताप 100.4 फॅरनहाइट झाला, तर मध्यरात्रीही फोन करा.