एकदांडी
(दगडी पाला, कंबरमोडी, लॅ. ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स, कुल-ॲस्टरेसी किंवा कंपॉझिटी). रस्त्याच्या कडा, गवताळ माळ, शेतांचे बांध व बागेतील हिरवळ यांत जवळजवळ वर्षभर फुललेली दिसणारी ही ओषधी महाराष्ट्रात इतकी परिचित आहे की, ती परदेशी असल्याचे सहसा लक्षात येत नाही. मूळची ती मेक्सिको व मध्य अमेरिकेतील असून आता बहुतेक सर्व उष्ण प्रदेशांत पसरली आहे. कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले.

खोड जमिनीसरपट वाढते. पेऱ्यांपासून मुळे फुटतात व टोके वर उचललेली असतात. पाने समोरासमोर, ३–७ सेंमी. लांब, अंडाकृती ते भाल्यासारखी, ओबडधोबड दातेरी व राठ केसांमुळे खरखरीत लागतात. ओळखण्याची खरी खूण म्हणजे पानांपासून बरीच वर गेलेली, १०–३० सेंमी. लांबीची बारीक दांडी व तिच्या टोकावरील एकच स्तबक (फुलासारखा दिसणारा फुलोरा). त्याच्या मध्यभागी पिवळी बिंब-पुष्पके दाटीने असतात. कडेची बहुधा पाच-सहा किरण-पुष्पके फिकट पिवळी किंवा दुधी असून प्रत्येकाच्या टोकास तीन दाते असतात. फळ सु. २ मिमी. लांब, केसाळ, एकबीजी असून त्यावरील पिसांसारख्या केसांच्या झुबक्यामुळे वाऱ्याने दूरवर जाते.

माका या औषधी वनस्पतीऐवजी हीच गोळा केली जाते, म्हणून दोहोंतील भेद महत्त्वाचा ठरतो. माक्याची स्तबके लहान व पांढरी, दांड्या आखूड, फळांवर पिसांचा झुबका नाही. शिवाय खोड चुरगळल्यास त्याचा रस थोड्याच वेळात काळसर पडतो. पिवळा माका पूर्ण पिवळ्या फुलोऱ्यावरून निराळा ओळखता येतो. एकदांडी अमेरिकेतून आलेली असल्याने प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांतील भृंगराज ती असणे शक्य नाही. तिचा स्वतःचा लौकिक वेगळा आहे : खेडोपाडी पानांचा रस ताज्या जखमेवर रक्त थांबण्यासाठी लावतात. उंदरांवरील काही प्रयोगांत जखमा भरण्यास तिची मदत झाल्याचे आढळले असले, तरी खोल वा दूषित जखमेवर ती वैद्यकीय उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

मधमाश्या व फुलपाखरे मधासाठी हिच्यावर नित्य येतात. तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उपद्रवी तणांच्या केंद्रीय यादीत तिचा समावेश आहे. हिरवळीवर नुसते गवत कापून उपयोग होत नाही. सरपटणारे खोड पात्याखाली सुरक्षित राहते. फळे पिकण्यापूर्वी, जमीन ओली असताना, पेऱ्यांवरील मुळांसह ती उपटावी लागते.