आज काय करू?

आपल्या मेसच्या फळ्यावर आठवड्याचा मेनू लिहिलेला असतो आणि आपण सगळे त्याला यथेच्छ नावं ठेवतो. मीही ठेवायचो. पण सुट्टीत कडावला घरी गेलो आणि आई अंगणात घसरली. उजव्या हाताला सहा आठवड्यांचं प्लास्टर! रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला. खाणारे पाच जण.

पहिले चार दिवस मी वरण-भात आणि बटाट्याची भाजी केली. चौथ्या दिवशी बहीण म्हणाली, "दादा, परत बटाटा?" आजी काहीच बोलली नाही, अर्धा भात ताटात ठेवून उठली. ते मात्र लागलं. मग आईला शेजारी बसवून तिची पद्धत समजून घेतली. ती अशी:

१) सगळं रोज बदलायचं नसतं. भात आणि डाळ कायम, बदल फक्त एका गोष्टीत. तीच शिजवलेली तूरडाळ एक दिवस साधं वरण, तूप आणि लिंबू. दुसऱ्या दिवशी आमसूल-गुळाची आमटी. तिसऱ्या दिवशी पालक घालून डाळभाजी. डाळ-भाताची ही जोडी उगाच नाही. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो.

२) उद्याच्या जेवणाची तयारी आज करायची. आमच्याकडे भातकापणीनंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल घेतात, त्यामुळे कडवे वाल घरात असतातच. मला वाटलं, कुकर आहे ना! कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून पदार्थ लवकर शिजतो, हे आपण थर्मोडायनॅमिक्समध्ये शिकतोच. कोरडे वाल टाकले, सात शिट्ट्या काढल्या. सालं चिवट, चव कडू! वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. त्यानंतर कांदा, आमसूल, गूळ आणि ओलं खोबरं घालून बिरडं पाऊण तासात तयार. म्हणजे बुधवारच्या बिरड्याची सुरुवात सोमवारी रात्री होते.

३) जे पिकतं तेच वेगळ्या रूपात वाढायचं. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे. 'कर्जत-३', 'कर्जत-७' या जाती तिथल्याच. आमचा तालुका तांदळाचा, म्हणून भाकरीसुद्धा तांदळाचीच. या पिठात ग्लुटेन नसतं, त्यामुळे गार पाण्यात मळलं तर भाकरी थापताना चिरते. उकळत्या पाण्यात पीठ घालून झाकून ठेवलं की स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी नीट थापली जाते. तिच्याबरोबर एक दिवस पिठलं, एक दिवस सुक्या जवळ्याची चटणी. पाऊस पडला की टाकळा आणि शेवळं येतात. शेवळं मात्र जपून, नीट केली नाहीत तर घसा खाजतो. ती आजीच्याच हातची खावी!

हे सगळं कळल्यावर मी मेससारखा एक तक्ता करून फ्रीजवर लावला. आई हसली. म्हणाली, "तक्ता ठीक आहे रे, पण घरात काय उरलंय ते आधी बघ." त्या दिवशी सकाळचा भात उरला होता. तक्त्यात खिचडी होती. मी फोडणीचा भात केला आणि सोबत ताक. वेळ वाचला, भातही वाया गेला नाही.

दुसऱ्या आठवड्यात बिरडं जमलं. आजीने भात दुसऱ्यांदा मागून घेतला. स्वयंपाक करायला मला दीड तास लागायचा, पण 'आज काय करू?' हा प्रश्न दिवसभर डोक्यात असायचा. वीस वर्षं आई हाच प्रश्न आम्हाला विचारत होती आणि आम्ही टीव्हीवरची नजर न काढता "काहीही कर" म्हणत होतो.

त्या रात्री जेवण झाल्यावर आई चांगलं-वाईट काहीच बोलली नाही. एवढंच विचारलं, "उद्या काय करणार आहेस?"

मी चवळी आधीच भिजत घातली होती.