पेट्रीबशीपासून कणगीपर्यंत

1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखाहून अधिक पिल्लं दगावली. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि पेंडीत ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीचं विष. अफ्लाटॉक्सिन हे नाव जगाला कळलं ते त्या तपासातून. आपल्याकडे घाला पडला 1974च्या अखेरीस. राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल इथल्या आदिवासी घरांत पावसात भिजलेला मका साठवला गेला, आणि दुसरं धान्य नसल्यानं तोच खाल्ला गेला. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, शंभरावर माणसं गेली. त्याच घरातलं खाऊन कुत्रीही मेली. भाकरी भाजली तरी हे विष पुरतं जळत नाही.

अशा बुरशीला रोखण्यासाठी पुढच्या दशकांत वनस्पतींच्या सुगंधी तेलांवरच्या संशोधनाला जोर आला. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. एन. के. दुबे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम वर्षानुवर्षं चालवलं. अशा कामातला एक प्रयोग पाहण्यासारखा असतो. पेट्रीबशीत बुरशी लावायची आणि झाकणाला आतून तेलात भिजवलेला टिपकागदाचा तुकडा ठेवायचा. तेल बुरशीला शिवतही नाही, नुसत्या वाफेनं तिची वाढ थांबते. ओव्यातलं थायमॉल किंवा लवंगेतलं युजेनॉल तिच्या पेशीचं आवरणच खिळखिळं करतं. मात्रा कमी पडली असेल, तर कागद काढल्यावर काही दिवसांत बुरशी पुन्हा धरते.

अमेरिकेनं 1996 साली लवंग, दालचिनी, गवती चहा यांच्या तेलांना कीडनाशक नोंदणीच्या जाचातून मोकळं केलं. युरोपात सफरचंदाच्या शीतगृहांत लवंगतेलाचं धुकं सोडलं जाऊ लागलं. तिथं जमलं, कारण खोली बंद असते. गोणीतून मात्र वाफ उडून जाते, आणि टिकेल इतकं तेल घातलं तर धान्यालाच वास लागतो. म्हणून अलीकडे तेल कायटोसान या जैविक पदार्थाच्या सूक्ष्म कुप्यांत कोंडून हळूहळू सोडायचे प्रयोग चाललेत. मला त्यांची आशा वाटते, पण वाळवणाची जागा तेल घेऊ शकत नाही. मक्यातली ओल 13 टक्क्यांच्या आत आलीच पाहिजे. तेल हवं आहे ते ऊनच पडत नाही त्या आठवड्यांसाठी, आणि त्याची परीक्षा व्हायला हवी बांसवाड्यासारख्या ठिकाणी, शेणानं सारवलेल्या कणगीत, तिथल्या बाईला परवडेल त्या किमतीत.