सोयाबीन, ऊस आणि संमेलनाची तारीख

कॅथलिक युवकांच्या मोठ्या संमेलनाचं परिपत्रक आलं की फादर ते माझ्या हातात देतात, आणि मी सगळ्यात आधी तारीख बघते. विषय कोणता, बोलायला कोण येणार, वर्गणी किती, हे नंतर. तारीख दिवाळीच्या सुट्टीतली असेल तर कोण कोण येऊ शकणार नाही याची यादी मनात लगेच तयार होते. येणाऱ्यांच्या यादीपेक्षा ती मोठी असते.

शहरातल्या चर्चला दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, कारण शाळा-कॉलेजं बंद असतात. आमच्या लातूर-नांदेडकडं ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची सुगी. आमच्या युवा गटातल्या बहुतेकांच्या घरी जमीन नाही. असली तर एकर-दीड एकर. ही लेकरं गुत्त्यानं सोयाबीन काढायला जातात. ऊन तापलं की वाळलेल्या शेंगा तडकतात आणि दाणे रानात सांडतात, म्हणून पहाटे दव असतानाच शेतात उतरायचं. पुढं ढीग लावणं, झाकणं, मळणीयंत्रावर उभं राहणं. त्या दिवसांच्या मजुरीवर कुणाची कॉलेजची फी भरली जाते, कुणाच्या बहिणीची वह्या-पुस्तकं येतात. अशा वेळी एखाद्या घरी जाऊन ‘पोराला चार दिवस संमेलनाला पाठवा’ म्हणायला माझीच जीभ रेटत नाही.

नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटतात. कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर, जळकोट या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसं मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न झालेली तरुण जोडपी तर जातातच, पण घरची जनावरं आणि म्हातारी माणसं सांभाळायला जे मागं राहतं तेही बहुतेक आमच्याच गटातलं असतं. त्याला गाव सोडता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा. एप्रिल-मे सीईटीचे आणि नीटचे. नीट मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास येते. लातूर पॅटर्न आणि नांदेडचे क्लासेस यांचा दरारा इतका, की तिथं शिकणाऱ्या मुलींना रविवारची टेस्ट चुकवून मिस्सेला येणंसुद्धा अवघड जातं. मग लग्नसराई, आणि पाऊस पडला की पेरणी.

जागतिक युवा दिनाचं उदाहरण घ्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय युवा वर्षात, जगभरच्या तरुणांना रोमला बोलावलं आणि १९८६ पासून हा दिवस सुरू झाला. धर्मप्रांताच्या पातळीवर तो कितीतरी वर्षं झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी साजरा होत असे. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये तो ख्रिस्तराजाच्या सणावर, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटाकडे नेला. त्यामागचा विचार मला पटतो. राजा ख्रिस्त हे तरुणांना द्यायच्या संदेशाचं मोठं केंद्र आहे. पण आमच्या भागात झावळ्यांच्या रविवारी तोडकरी परत यायला लागलेले असतात आणि ख्रिस्तराजाच्या सणाला ते उसाच्या फडात असतात. रोममध्ये बसून हे कुणाला दिसणार नाही, पण आमच्या धर्मप्रांताच्या ठाण्यात, संभाजीनगरात दिसायला हवं. म्हणून मी धर्मप्रांताच्या बैठकीत दरवेळी हे बोलते.

धर्मप्रांत मोठा आहे. १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत झाला आणि सगळा मराठवाडा त्याच्याकडं आला. २०११च्या जनगणनेत लातूर जिल्हा २४ लाखांच्या पुढं आणि नांदेड ३३ लाखांच्या पुढं होता. त्यात आम्ही कॅथलिक फार थोडे, तेही विखुरलेले. एखाद्या गावात चार घरं, पुढच्या तालुक्यात सहा. फादर मोटरसायकलवरून महिन्यातून एकदा जाऊन मिस्सा करतात अशी कितीतरी गावं. तिथल्या मुलाला स्वतःच्या वयाचा दुसरा कॅथलिक मुलगा ठाऊक नसतो. मोठ्या संमेलनाची खरी गरज त्यालाच असते, आणि वर सांगितलेल्या कारणांनी तोच गळतो. माझं काम म्हणजे त्याला यादीत टिकवणं.

त्यासाठी घरोघरी जावं लागतं. परिपत्रकातला संमतीपत्राचा नमुना वाचून दाखवला की पालक मान हलवतात, पण निर्णय नंतर, चहा झाल्यावर होतो. मुलींच्या घरी प्रश्न ठरलेले: झोपायची सोय कुठं, सोबत सिस्टर आहेत का, परत स्टेशनवर कोण आणणार. गेल्या खेपेला एका आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘न्या बाई, पर माझ्या लेकीला एकलं सोडू नका.’’ त्या मुलीच्या फॉर्मवर पालकांच्या सहीच्या जागी आजीचा अंगठा आहे. आई-बाप कोल्हापूरकडं फडात होते.

मग नावांचं काम. संमेलनाची यादी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतल्या नावांनी जाते. तिथं तो मुलगा योसेफ किंवा अंतोन असतो. रेल्वेचं तिकीट आधारवरच्या नावानं निघतं. तिथं तो दुसराच कुणीतरी असतो. म्हणून माझ्या वहीत दोन रकाने असतात. यामागं नुसती सवय नाही. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात सुरुवातीला जवळपास फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या मांग-महार कुटुंबांना आजही तो दर्जा नाही, म्हणून कागदावर दुसरं नाव राहतं. जातीची वागणूक मात्र धर्म बदलल्यानं बदलली नाही. पाणवठ्यावर, भाड्याची खोली शोधताना, लग्नाच्या बोलणीत ती तशीच आहे. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि वही भरताना दर ओळीला ते डोळ्यांसमोर येतं. संमेलनाच्या रंगीत बॅजवर कोणतं नाव लिहू, हे मी प्रत्येकाला वेगळं विचारते. सगळ्यांसमोर विचारत नाही.

मग मुंबईच्या संमेलनाला जायचा प्रवास. लातूर आणि नांदेड शेजारी जिल्हे, पण रेल्वेच्या हिशेबात दोन वेगळी जगं. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. आमची गाडी रात्री निघते आणि बार्शी, कुर्डुवाडी, पुणे करत सकाळी मुंबईला पोचते. नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेचं विभागीय ठाणं. तिकडची मुलं देवगिरीनं नाहीतर दिवसा धावणाऱ्या तपोवननं परभणी, जालना, मनमाडमार्गे येतात. एकाच धर्मप्रांतातली ही मुलं एकमेकांना पहिल्यांदा मुंबईत भेटतात. आधी एक दिवस एकत्र सराव करावा म्हटलं तर अहमदपूर-लोह्यावरून एसटीनं जाणं आलं, आणि त्यात एका दिवसाची मजुरी जाते. आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात. त्यामुळे गट आपोआप सहा-सहांचा होतो. मी प्रत्येक सहांत एक मोठा मुलगा किंवा मुलगी जबाबदार नेमते, आणि संमेलनभर तीच व्यवस्था ठेवते. जेवताना, झोपताना, मिस्सेत सहाजण आहेत का, एवढं त्यानं बघायचं.

संमेलन बहुधा एखाद्या मोठ्या शाळेच्या आवारात असतं. नोंदणीची रांग, पिशवी, गळ्यातला बॅज, वर्गात अंथरलेल्या सतरंज्या, सकाळी नळावरची गर्दी. २०१६च्या एप्रिलमध्ये दुष्काळात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा आमची आत्ताची मोठी मुलं शाळेत होती. भरल्या बादलीतलं अर्धं पाणी मागच्यासाठी ठेवून बाजूला होणारा मुलगा दिसला की तो लातूरकडचा, हे ओळखता येतं.

खरी कसोटी गटचर्चेत लागते. बॅजच्या रंगावरून मुलं मिसळली जातात. एका वर्तुळात वांद्र्याची, गोव्याची, वसईची, आणि त्यात आमचा एखादा. भाषा इंग्रजी आणि हिंदी. पहिल्या दिवशी आमचा मुलगा नाव सांगून गप्प होतो, आणि गट चालवणारी ताई प्रेमानं ‘इट्स ओके’ म्हणून पुढं जाते. ते ‘ओके’ मला नको असतं. म्हणून निघण्याआधी दर रविवारी मिस्सेनंतर आम्ही बोलण्याचा सराव करतो. ‘माझी श्रद्धा’ वगैरे सुरुवातीला अजिबात नाही. उभं राहायचं, गाव सांगायचं, घरचे काय काम करतात ते सांगायचं, आणि त्या कामात देव कुठं आठवला असा एक प्रसंग सांगायचा. हिंदीत जमेल तसं, नाही जमलं तर मराठीत. एका मुलानं असं सांगितलं होतं: बाप रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उसाच्या मोळ्या चढवताना पडला, मुकादम आला नाही, पण शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या बाईनं स्वतःचा कोयता ठेवून त्याला दवाखान्यात नेलं. ती बाई कोणत्या धर्माची हे त्याला ठाऊक नव्हतं. हे बोलून तो खाली बसला तेव्हा वर्तुळातल्या मुंबईच्या मुलांनी त्याला तासभर प्रश्न विचारले. कोपी म्हणजे काय, उचल म्हणजे काय, कोयता म्हणजे दोन माणसं कशी. दिलेला विषय बाजूला पडला, आणि ते बरंच झालं.

वसईच्या मुलांशी आमच्यांची मैत्री लवकर जमते, कारण मराठी. तरी दोघांनाही नवल वाटतं. त्यांची आडनावं डिसोझा, लोपीस, परेरा. चर्चं पोर्तुगीज काळातली. आमची आडनावं गायकवाड, कांबळे, सूर्यवंशी. चर्च म्हणजे कधी पत्र्याची एक खोली. ‘‘तुम्हीपण कॅथलिक?’’ असा प्रश्न येतो, त्यात वाईट हेतू नसतो. अशा वेळी मी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची आठवण सांगते. वसईचे हे धर्मगुरू जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि ते ९३वं संमेलन भरलं होतं धाराशिवला, लातूरच्या शेजारी. वसईच्या मुलांना फादर ठाऊक असतात, आमच्या मुलांना धाराशिव. बोलायला तेवढं पुरतं.

जेवणाच्या मांडवात मी एक गोष्ट बघत बसते. आमच्यातला एक मुलगा गावाकडं एसटी स्टँडच्या हॉटेलात जेवण्याआधी क्रूसाची खूण टेबलाखाली, बोटाच्या टोकानं करतो. कुणी बघू नये म्हणून. संमेलनात पहिल्या जेवणालाही त्यानं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं कपाळापासून छातीपर्यंत पूर्ण हात नेला, आणि शेजारी कुणी वळूनही पाहिलं नाही, कारण शेजारचाही तेच करत होता. मी त्याला यावर काही विचारलं नाही.

रात्रीची आराधना मात्र सगळ्यांना सारखी भिडते. हजारो तरुण गप्प बसलेले आमच्या मुलांनी एरवी कुठं पाहिलेले नसतात. गावात गर्दी म्हणजे जत्रा, सभा नाहीतर वरात. पापनिवेदनासाठी धर्मगुरू मैदानाच्या कडेनं खुर्च्या टाकून बसतात, शेजारी भाषेची पाटी. इंग्रजी-कोंकणीच्या पाट्या पुष्कळ, मराठीच्या कमी, आणि मराठीची रांग सगळ्यात लांब. आयोजकांना मी हे प्रत्येक वेळी लिहून कळवते. पुढच्या खेपेला एखादी खुर्ची वाढलेली असते.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मुलांनी मिस्सेनंतर बोलायचं, हा आमचा रिवाज. मोठी माणसं ‘फार गर्दी होती’, ‘जेवण चांगलं होतं’ एवढंच ऐकून घरी जातात. पण चार घरांच्या गावातला मुलगा महिन्यातून एकदा येणाऱ्या फादरांना आता मिस्सेआधी विचारतो की पुढच्या महिन्याचं वाचन मी करू का. त्या गावात आजवर वाचन सिस्टर करत होत्या.

तारखांचा तो हिशेब मी एकदा उलट मांडून पाहिला. वर्षात मोकळे दिवस कोणते? पेरणी आणि खुरपणी आटोपल्यावर, सोयाबीन फुलात-शेंगात असताना, ऑगस्टचे पहिले दोन-तीन आठवडे. तेव्हा मजुरी कमी, परीक्षा नाहीत, तोडकरी गावात, आणि १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन नि मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकत्र. आशियाई युवा दिन २०१४ मध्ये दक्षिण कोरियात आणि २०१७ मध्ये इंडोनेशियात भरला तो ऑगस्टमध्येच. पुढचा जागतिक युवा दिन सोलला आहे, ३ ते ८ ऑगस्ट २०२७. दिवाळीतल्या मुंबईच्या संमेलनाला जो मुलगा कधीच येऊ शकत नाही, त्याला वेळेच्या हिशेबानं सोल जमतं. अडतं ते पैशांवर आणि कागदांवर.

धर्मप्रांतातून थोडेच जाणार, तरी आम्ही काही नावं पुढं करायचं ठरवलंय, आणि ती मुद्दाम डोंगरपट्ट्यातली आहेत. पासपोर्टसाठी शाळेचा दाखला, आधार आणि जन्माची नोंद यांतलं नाव सारखं लागतं. एका मुलीच्या तिन्ही कागदांवर तीन स्पेलिंगं आहेत. तिच्या दुरुस्त्यांसाठी सेतू केंद्राच्या फेऱ्या सुरू आहेत, आणि तिची आई फडातून फोन करून काय झालं ते विचारत असते. विमानाच्या तिकिटाचे पैसे कुठून आणायचे हे अजून ठरलेलं नाही. नाताळात कॅरल गाण्याची फेरी या खेपेला आणखी लांबच्या गावांपर्यंत न्यायची, आणि जमा होईल ते सगळं या मुलांच्या नावानं वेगळं ठेवायचं, एवढं गटानं ठरवलंय.