कुवेतची रेघ किती जाड?

नकाशांबद्दल पॉडकास्टवर तासभर बोलता येतं, पण रेघ कानांनी दिसत नाही. म्हणून हे लिहून.

समजा, पी-फाइव्ह-जेएस वापरून तुम्ही ब्राउझरच्या कॅनव्हासवर कुवेत काढताय. देश उत्तर-दक्षिण साधारण २०० किमी. कॅनव्हास २०० पिक्सेलचा घेतला तर एक पिक्सेल म्हणजे एक किलोमीटर, हिशेब सोपा. किनाऱ्याचे बिंदू जोडले, आत रंग भरला, बाह्यरेषा उठून दिसावी म्हणून स्ट्रोकवेट ४ ठेवलं. छान दिसतं. फक्त बुबियान बेट गायब!

गायब म्हणजे मुख्य भूमीला चिकटलं. कारण कॅनव्हास रेघ आकाराच्या कडेवर मधोमध ठेवतो, अर्धी आत, अर्धी बाहेर. ४ पिक्सेलच्या रेघेतले २ पिक्सेल पाण्यात उतरतात. समोरून बेटाचेही २ येतात. झाले चार. आणि मधल्या खाडीवरचा पूलच जेमतेम २.४ किमीचा आहे, म्हणजे खाडी तिथे त्याहून अरुंद. पाणी उरणार कुठे? याच बुबियान आणि वारबा बेटांवर इराकचा कित्येक वर्षं डोळा होता, तेव्हा ‘डिझाइन आहे हो ते’ म्हणून हे सोडून देता येत नाही.

उपाय रांगोळीवाल्यांना ठाऊक आहे: आधी रंग, मग वरून बारीक पांढरी रेघ. पी-फाइव्हही आधी रंग भरतं, मग रेघ काढतं. किनाऱ्याला नोस्ट्रोक द्या, जमीन आणि पाण्याच्या रंगातला फरक पुरे. रेघ फक्त जमिनीवरच्या सीमेला, वेगळा आकार म्हणून. आणि स्केल ३ करून नकाशा मोठा केलात तर रेघही तिप्पट होते, हे विसरू नका. स्ट्रोकवेटला तीनने भागा. वेड्यावाकड्या सीमेवर टोकदार काटे दिसले तर स्ट्रोकजॉइन राउंड करा.

आता रेघेचा प्रकार. इराककडची सीमा संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं १९९३ मध्ये आखून दिली, ती सलग काढा. पण १९२२ चा नकाशा करत असाल तर? त्या वर्षीच्या उकैर करारानं कुवेत आणि नज्द यांच्यामध्ये एक तटस्थ प्रदेश ठेवला, दोघांचाही. तो वाटून घ्यायचा करार १९६५ मध्ये झाला. त्याच्याभोवती ठाम काळी रेघ ओढणं म्हणजे तेव्हा नसलेली सीमा दाखवणं. तिथे तुटक रेघ हवी. त्यासाठी खालच्या कॅनव्हासची सोय वापरा: ड्रॉइंगकॉन्टेक्स्टवर सेटलाइनडॅश, ६ पिक्सेल रेघ, ४ पिक्सेल फट. हे पुश आणि पॉपच्या मध्ये लिहा, नाहीतर पुढची प्रत्येक सीमा तुटक होईल, इराककडचीसुद्धा.