जुन्या ध्वनिवर्धकाचा हरपलेला खर्ज

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस असलेल्या एव्हरशाईन सिटींत आमचे एक शेजारी आहेत. त्यांच्या दिवंगत वडिलांच्या भजनांच्या ध्वनिफिती त्यांनीं जपून ठेविल्या आहेत. परंतु घरचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर गुणगुणूं लागला, वडिलांचा खर्ज ऐकूं येईना, म्हणून तो भंगारांत देण्याचें त्यांनीं ठरविलें होतें. अशा यंत्रास भंगाराची वाट दाखविण्यापूर्वीं त्याच्या पोटांत काय चालतें, तें पाहूं.

प्रथम गुणगुण. घरीं येणारी वीज सेकंदास 50 आवर्तनांची असते. तिला एकाच दिशेस वळवितांना दोन्हीं अर्धलहरी उपयोगांत येतात, म्हणून शेष राहणारी लहर 100 आवर्तनांची. ती थोपविण्याचें काम मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सराचें. त्यांतील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें आटतो व लहर पुढें सरकते. आवाजाची खुंटी अगदीं खालीं आणावी. गुणगुण तितकीच राहिली तर संशय बहुधा ह्याच कंडेन्सरावर. खुंटीबरोबर ती कमी झाली तर दोष अलीकडच्या तारांत शोधावा. कित्येक जण गुणगुण घालविण्यासाठीं तीन कांट्यांच्या प्लगाची अर्थिंगची तार तोडतात. हा उपाय नव्हे, जिवाशीं खेळ आहे.

आतां खर्ज. यंत्राच्या एका टप्प्यांतून दुसऱ्यांत नाद नेतांना मध्यें एक लहान कंडेन्सर असतो. तो मागचा स्थिर विद्युद्दाब अडवितो व नादलहरी पुढें सोडतो. मात्र लहर जितकी संथ, तितकी तिची वाट अवघड. समजा, 1 मायक्रोफॅरडचा हा कंडेन्सर सुकून 0.1 वर आला व पुढील टप्प्याचा रोध 22,000 ओहम आहे. गणित मांडल्यास सुमारें 72 आवर्तनांपाशीं शक्ति निम्मी होते. काळी एकमध्यें लाविलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार जवळजवळ तेथेंच, 69 आवर्तनांवर बोलते! त्या जागीं 1 मायक्रोफॅरडचा नवा पॉलिएस्टर कंडेन्सर घातला कीं ही मर्यादा 7 आवर्तनांवर उतरते. असे भाग मुंबईस ग्रँट रोड स्थानकानजीक लॅमिंग्टन रोडवर मिळतात. दसपट किमतीचे ‘ऑडिओ ग्रेड’ भाग मी तरी घेणार नाहीं. त्यापेक्षां स्पीकर भिंतीपासून हातभर पुढें ओढून पाहावेत. त्यास कांहींच खर्च नाहीं. वसईच्या दमट हवेंत खुंटी फिरवितांना होणारी खरखर संपर्क साफ करणाऱ्या फवाऱ्यानें बहुधा जाते.

ज्यांस झाळकामाचा सराव आहे, त्यांनींच हें काम करावें. प्लग काढल्यावरही मोठा कंडेन्सर विद्युद्भार धरून ठेवतो. 1,000 ओहम, 5 वॉटचा रेझिस्टर रबरी मुठीच्या पक्कडीनें धरून त्याच्या टोकांस मिनिटभर लावावा, व दाब उतरल्याची मीटरनें खात्री करावी. व्हॉल्व्हच्या यंत्रांत दाब कित्येकशें व्होल्ट असतो; तीं जाणकाराकडेच न्यावींत. नव्या कंडेन्सराची व्होल्टमर्यादा जुन्याहून कमी नसावी. धन व ऋण टोकें उलटीं जोडल्यास इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर फुटूं शकतो.

काम झाल्यावर यंत्र प्रथम 60 वॉटच्या तंतूच्या दिव्यामधून विजेस जोडावें. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखीत राहिला तर प्लग काढून जोडणी पुन्हां तपासावी. पहिली परीक्षा एखाद्या जुन्यापुराण्या स्पीकरावर घ्यावी. चांगले स्पीकर त्यानंतर जोडावेत.